उजव्या समासातला अनुस्वार

जुन्या हस्तलिखित पोथ्यांची छायाचित्रे काढून देणे हे गेल्या काही वर्षांपासून माझे मुख्य काम आहे. ज्या दिवसाविषयी लिहीत आहे, त्या दिवशी मी वाईला, कृष्णाकाठच्या एका जुन्या वाड्यात होतो. एकनाथी भागवताच्या काही अध्यायांची सुमारे सव्वाशे सुटी पाने त्या घरात चार पिढ्या जपून ठेवलेली होती. पोथी घराबाहेर जाणार नाही, ही घरातल्या काकांची अट मला पूर्ण मान्य होती. त्यामुळे कॉपी स्टँड (कॅमेरा खाली तोंड करून पाटावर धरणारा खांब), दोन एलईडी दिवे, सोनीचा फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरा आणि निकॉनची ५५ मिलिमीटर एफ ३.५ मायक्रो-निक्कोर ही जुनी मॅन्युअल लेन्स घेऊन मीच तिथे गेलो होतो.

या कामाला मी नवी ऑटोफोकस लेन्स वापरत नाही, त्याचे कारण हौस नव्हे. पान थोडे सुरकुतलेले असले की ऑटोफोकस प्रत्येक पानाला वेगळे अंतर ठरवतो आणि फोकस हलला की प्रतिमेचा आकारही किंचित बदलतो. शिवाय अनेक नव्या लेन्सची फोकसची कडी फक्त आतल्या मोटरला इशारा देते, त्यामुळे कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू केला की आधीचा फोकस तसाच राहील याची खात्री नसते. जुन्या लेन्सची कडी एकदा बसवून तिच्यावर कागदी चिकटपट्टी लावली की संध्याकाळपर्यंत ती तसूभर हलत नाही. या लेन्सच्या घराण्याबद्दल मला वेगळी आपुलकीही आहे. पहिली मायक्रो-निक्कोर १९५६ साली निघाली, ती मुख्यतः जपानी मजकुराच्या मायक्रोफिल्मसाठी. कांजी अक्षरांतल्या दाट, बारीक रेघा फिल्मवर सुट्या दिसाव्यात, ही तिच्यामागची गरज होती. देवनागरी हस्ताक्षरातल्या काना, मात्रा आणि अनुस्वारांची गरज तरी याहून वेगळी कुठे आहे?

निकॉनच्या जुन्या माउंटपासून, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या कडीपासून, फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मिलिमीटर असते, तर सोनीच्या माउंटपासून सेन्सरपर्यंतचे १८. मधले २८.५ मिलिमीटर भरून काढणारी धातूची पोकळ नळी म्हणजे अॅडॉप्टर. त्यात काच नाही, विजेचा संपर्क नाही. त्यामुळे कॅमेऱ्याला समोर लेन्स आहे हेच कळत नाही, आणि लेन्स नसतानाही शटर चालू देण्याची सोय सेटिंगमध्ये आधी सुरू करून ठेवावी लागते. लेन्सच्या कोणत्या छिद्रावर (अॅपर्चर, म्हणजे एफचा आकडा) चित्र घेतले याची नोंदही फाइलमध्ये होत नाही, म्हणून मी ती वहीत करतो. नेहमीचा अॅडॉप्टर एका मित्राकडे राहिल्याने त्या दिवशी माझ्याकडे ऑनलाइन मागवलेला एक नवा अॅडॉप्टर होता. पोकळ नळीत बिघडण्यासारखे काय असणार, असे मला तोवर मनापासून वाटत होते.

सकाळी काकांनी पोथीला हळदकुंकू वाहिले, बासन सोडले आणि काम सुरू झाले. पाने बोरूने लिहिलेली होती, दोन्ही बाजूंना हिंगुळाच्या दुहेरी रेघा होत्या आणि चुकलेल्या अक्षरांवर पिवळाधमक हरताळ फासलेला होता. ओळीत एखादे अक्षर राहून गेले असेल तिथे लेखकाने हंसपदाची खूण करून ते अक्षर समासात लिहिले होते. दुपारच्या जेवणापर्यंत एफ ५.६ वर साठ पाने दोन्ही बाजूंनी घेऊन झाली. फोकस तपासताना मी दर वेळी पानाचा मध्य मोठा करून पाहत होतो आणि तिथली अक्षरे अगदी रेखीव होती.

जेवणानंतर काकांनी लॅपटॉपवर एक पान पाहायला मागितले. त्यांनी नेमका उजवा समास मोठा केला आणि विचारले, "इथे अनुस्वार आहे की नाही, हे तुम्हाला कळतं का?" मला कळले नाही. मात्रेच्या टोकाशी करडा डाग होता, तो टिंबही असू शकत होता आणि शाईचा शिंतोडाही. डावा समास स्वच्छ होता, उजवा मात्र बारीक धुके उतरावे तसा पुसट. साठही पाने तशीच होती. पोटात गोळा आला. पोथीत दुरुस्त्या असतात त्याच समासात, आणि नेमका तोच मी मध्याच्या भरवशावर सोडला होता.

पहिला संशय कागदाच्या वळणावर आला, पण सगळी पाने एकाच बाजूला वळलेली असणे शक्य नव्हते. दुसरा संशय स्टँडवर. पानाच्या जागी लहान सपाट आरसा ठेवून पाहिले, तर लेन्सचे प्रतिबिंब बरोबर मध्यावर येत होते, म्हणजे कॅमेरा पाटाला समांतर होता. मग कॅमेरा १८० अंशांत फिरवून तेच पान घेतले. आता पुसट बाजू पानाच्या डाव्या समासात गेली होती. दोष कॅमेऱ्याबरोबर फिरत होता. सोनीची स्वतःची लेन्स थेट लावली तर दोन्ही कडा चांगल्या आल्या, म्हणून सेन्सर निर्दोष ठरला. बॅगेत निकॉनची जुनी ५० मिलिमीटर लेन्स होती, ती त्याच अॅडॉप्टरवर लावली आणि तिचीही तीच बाजू पुसट आली. उरली ती पोकळ नळी.

काकांच्या ओळखीचे एक लेथ कारागीर एमआयडीसीत होते. काकांनी फोन केला आणि मी रिक्षाने तिथे पोहोचलो. त्या कारागीर दादांनी नळी हातात घेऊन एकच प्रश्न विचारला, "जाडी महत्त्वाची, की दोन्ही तोंडं समांतर असणं?" इतका अचूक प्रश्न मला आजवर कोणत्याही कॅमेरा विक्रेत्याने विचारलेला नाही. इतक्या जवळच्या कामात जाडी थोडी कमी-जास्त असली तर फोकसची कडी ती सांभाळून घेते, मात्र तोंड तिरपे असेल तर लेन्सच तिरपी बसते आणि तीक्ष्णतेचे प्रतल, म्हणजे ज्या पातळीवर सगळे रेखीव दिसते ती, पानाला समांतर न राहता एका बाजूने वर उचलले जाते. त्यांनी नळी सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट पाटावर ठेवली, उंचीतला बारीक फरक काट्याने दाखवणाऱ्या डायल गेजचे टोक वरच्या कडेला टेकवले आणि नळी हळूहळू फिरवली. एका फेरीत काटा सव्वीस रेघा सरकला. एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, म्हणजे फरक पाव मिलिमीटरहून किंचित जास्त.

बारीक स्क्रू काढून त्यांनी पुढची चकती सुटी केली. तिच्याखाली, एका स्क्रूच्या छिद्राच्या काठाला, अॅल्युमिनियमची कुसळाएवढी बर, म्हणजे छिद्र पाडताना उरलेली धारदार कड, राहिली होती. डोळ्यांना ती जेमतेम दिसत होती, बोटाला मात्र लगेच टोचली. दादांनी ती ऑइलस्टोनवर घासून काढली, आतला भुगा ब्रशने झाडला आणि स्क्रू समोरासमोरचे असे जोडीजोडीने आवळले. पुन्हा डायल लावला तेव्हा काटा दोन रेघांच्या आत राहिला. पैसे त्यांनी घेतले नाहीत. "पोथीचं काम आहे ना," एवढेच म्हणाले.

वाड्यावर परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सकाळच्या चित्रांवरच निभावून नेण्याचा मोह झाला नाही असे नाही, पण घेतलेल्या साठ पानांतला एकही उजवा समास मला वाचता येत नव्हता, तेव्हा सगळे काम पुन्हा करणे भाग होते. काकूंनी आधी चहा आणि मग पिठलं-भाकरी दिली. काका पाने उलटत राहिले आणि मी प्रत्येक पानाचे चारही कोपरे मोठे करून पाहत राहिलो. साठावे पान झाले तेव्हा साडेअकरा वाजले होते.

दुपारचे ते पान काकांनी पुन्हा उघडायला लावले. हंसपदाच्या समोर, उजव्या समासात, दोन अक्षरांची दुरुस्ती होती. मात्रेच्या वर, तिच्यापासून स्पष्ट सुटलेला, बोरूच्या टोकाने एकदाच टेकवलेला काळा गोल ठिपका दिसत होता. काकांनी चष्मा वर केला आणि ती ओवी आधी "ते" असे म्हणून वाचली, मग "तें" असे नाकात उच्चारून पुन्हा वाचली. आता अर्थ लागतो, असे म्हणून त्यांनी झालेली पाने एकावर एक नीट जुळवली आणि बासनाची गाठ बांधली.