पद्मिनीचे मागचे पाटे: चौथा रविवार

अखेर गाडीची मागची बाजू सरळ झाली. उजव्या-डाव्या उंचीत सुरुवातीला २२ मिमीचा फरक होता, आता ४ उरलाय. सविस्तर लिहितोय, कारण चारपैकी एक अख्खा रविवार एका छोट्या चुकीने खाल्ला. तुमचा तरी वाचावा.

गाडी १९८६ची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली, बाबांनी घेतलेली. मागे अखंड ॲक्सल आणि दोन्ही बाजूंना पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या कमानदार पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. बाबा बहुतेक वेळा एकटेच चालवायचे, त्यामुळे ड्रायव्हरच्या बाजूचा संच आधी दमला. मागे दोन माणसं बसली की उजवं टायर मडगार्डच्या आतल्या कडेला घासायचं. तिथला रंग उडून चकचकीत पत्रा दिसत होता. त्यावर आधी रेड ऑक्साइड मारून ठेवलं, म्हणजे पुन्हा घासलं तर लगेच कळेल.

उंची जमिनीपासून मोजू नका, हवा कमी-जास्त असली की माप फिरतं. मी चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजतो. सपाट फरशी, डिकी रिकामी. मोजण्याआधी डिकीवर दोन्ही हातांनी दाबून गाडी चार-पाचदा हलवायची, मग ती आपल्या जागी बसते. हे केलं नाही तर एकाच गाडीची सकाळ-संध्याकाळ वेगळी मापं येतात.

गाडीचा एका बाजूचा कल मागच्या पाट्यांमुळे की पुढच्या स्प्रिंगमुळे, हेही आधी पाहून घ्या. मागच्या चाकांना ओट (अडसर) लावली आणि पुढच्या क्रॉसमेंबरच्या (सांगाड्याच्या आडव्या तुळईच्या) बरोबर मधोमध जॅक लावून पुढची चाकं उचलली. आता पुढचा भार एकाच बिंदूवर, म्हणजे मागे जे दिसेल ते फक्त पाट्यांचं. कल तसाच राहिला.

बऱ्याच जणांनी लांब शॅकल (पाट्याचं टोक गाडीला जोडणारी झुलती कडी) लावायला सांगितलं. मला ते पटत नाही. शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असतो, त्यामुळे तो ४० मिमी लांब केला तरी गाडी उचलते साधारण २०च. वर ॲक्सल किंचित फिरतो आणि प्रोपेलर शाफ्टच्या (मागच्या ॲक्सलला ताकद पोचवणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसचा, म्हणजे सांध्याचा, कोन बिघडतो. एक जादा पाटा घालायचा उपाय आमच्या गाडीवर पूर्वी एका गॅरेजात झालाही होता, तोही फक्त उजवीकडे. गाडी उचलली, पण उजवं चाक प्रत्येक खड्ड्यात आपटायचं. तो पाटा आता कायमचा काढला.

नवा संच घ्यायला नाना पेठेत फिरलो, पण मिळाला तो मापात बसेना. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून कायमच्या गेल्या. त्यांच्या जिवावर सुटे भाग मिळत होते. तेव्हा आहेत ते पाटे जपणं हेच खरं.

आहेत त्याच पाट्यांची कमान पुन्हा चढवायला (वाक वाढवायला) निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत एका पाटेवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी संच आधी वाइसमध्ये घट्ट धरला, मगच सगळे पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट सोडला. पाटे सुटताना उसळतात, घरी करणाऱ्यांनी हात लांब ठेवा. डाव्या मेन (सगळ्यात लांब) पाट्याची कमान फरशीवर खडूने काढली, शेजारी उजव्याची. दोन रेघांमधली फट पाहून मला पहिल्यांदा नीट कळलं की पाटा ‘बसतो’ म्हणजे काय होतं: कमान सपाट होते. मी गरम करण्याबद्दल विचारलं. “गरम केला की पाणी उतरतं साहेब, महिन्यात परत बसेल,” चाचा म्हणाले. पाणी म्हणजे पोलादाचा कडकपणा. मग थंडच. एका वेळी दोन बोटं पुढे सरकवत घणाचे ठोके, आणि चार-पाच ठोक्यांनंतर पाटा पुन्हा खडूच्या रेघेवर ठेवून बघायचा. प्रत्येक पाट्याला पाऊण तास लागला. कमान जितकी चढते जवळपास तितकीच गाडी उचलते, हे सोपं गणित. डावीकडे १० मिमी, उजवीकडे ३२. जोडताना पाट्यांमध्ये ग्रॅफाइट ग्रीस, आणि पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट नवे. जुने ताणलेले असतात, ते परत वापरू नका.

आता ती चूक. तिसऱ्या रविवारी गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर), चाकं लटकलेली, आणि मी त्याच अवस्थेत पाट्याच्या दोन्ही टोकांचे बोल्ट पूर्ण आवळले. खाली उतरवून मोजलं तर फरक ११ मिमी. वाटलं, चाचांचं माप चुकलं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. पाट्याच्या डोळ्यातला (टोकाच्या गोल भोकातला) रबरी बुश लटकलेल्या स्थितीत पकडला गेला होता. गाडीचं वजन आल्यावर तो पिळला जातो, स्वतःच स्प्रिंगसारखं काम करतो आणि दोन्ही बाजूंना सारखा पिळत नाही. असाच चालवला तर महिन्याभरात रबर फाटतं. काल सगळे बोल्ट ढिले केले, चाकं जमिनीवर टेकवली, दोघांना मागे बसवून गाडी हलवली आणि मग भारावरच आवळले. फरक ४ मिमी.

आज आई आणि मावशी मागे बसल्या, दिवे घाटातून जेजुरीला जाऊन आलो. घरी आल्यावर यू-बोल्टचे नट पाव-पाव फेरा फिरले, ३०० किलोमीटरनंतर पुन्हा बघणार. मडगार्डच्या कडेवर टॉर्च मारला. रेड ऑक्साइड जसंच्या तसं आहे.