तुम्ही विचारलंत म्हणून: एसएमपीएस कोणता घेऊ?

"ताई, गेमिंगचा पीसी बनवून रायलो, एसएमपीएस ५५० वॅटचा घेऊ का ७५० चा?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. एसएमपीएस म्हणजे पीसीतला तो डब्बा, जो भिंतीतली लाईन घेऊन आतल्या सगळ्या पार्ट्सना वीज पुरवतो. आमचं दुकान हिंगणघाटच्या पुढे एका गावात आहे, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि कॉम्प्युटर रिपेअरिंग, आणि आजूबाजूच्या दहा-बारा गावातले पोट्टे तिथेच येतात. दरवेळी उभ्या उभ्या सांगते आणि निम्मं राहून जातं, म्हणून आज बसून लिहितेय.

मी वॅट सांगायच्या आधी उलट विचारते, घरी अर्थिंग आहे का, आणि संध्याकाळी लाईन किती व्होल्ट येते? पोरं गोंधळतात, कारण व्हिडिओत असं कोणी विचारत नाही. पण व्हिडिओ बनवणाऱ्याच्या घरी नोव्हेंबर ते फेब्रुवारी चना-गव्हाच्या ओलितावर मोटारी चालत नाहीत ना. माझ्याच दुकानात जानेवारीत संध्याकाळी सातला मीटर लावला तर कधी १७० दाखवतो, आणि मोटारी बंद झाल्या की रात्री अकराला २५० च्या वर. एसएमपीएस हीच लाईन खाणार आहे रोज.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. कापूस विकून बापाने पोराला पीसी घेऊन दिला, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, चांगला प्रोसेसर, काचेचं कॅबिनेट, आणि एसएमपीएस मात्र कॅबिनेटसोबत फुकट आलेला, त्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॅट. एका रात्री पोलवरचा न्यूट्रल तुटला. डीपीवरून तीन फेज येतात, न्यूट्रल तुटला की दोन फेजच्या मधे तुमचं आणि शेजाऱ्याचं घर एकामागे एक जोडल्यासारखं होतं, मग ज्याच्या घरी लोड कमी त्याच्याकडे व्होल्टेज चढतं, पार ४०० च्या जवळ जाऊ शकतं. बल्ब पांढरेफटक पेटले आणि फुटले म्हणे, टीव्ही गेला, आणि पीसीतून फट्ट आवाज आला. सकाळी बाप-लेक कॅबिनेट पोत्यात गुंडाळून घेऊन आले. मदरबोर्ड गेलेला, कार्ड गेलेलं. ते काका काउंटरला धरून उभे होते आणि एकच विचारत होते, "बेटा, एवढ्याशा डब्ब्यानं सगळंच कसं का जाळलं वं?"

तो डब्बा मी खोलला. (तुम्ही खोलू नका, प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहतो, जीव जाऊ शकतो.) जिथे लाईन आत येते तिथे फिल्टरची कॉइल असायला पाहिजे, बोर्डवर तिची जागा छापलेली होती आणि कॉइलच्या ऐवजी वायरचे दोन तुकडे डाखलेले. त्याच्या बाजूला एमओव्ही नावाची चकतीसारखी वस्तू असते, व्होल्टेज चढलं की ती स्वतः जळून फ्यूज उडवते, तिचीही जागा रिकामी. आणि बारीक अक्षरातलं लेबल वाचलं तर १२ व्होल्टवर १४ अँपिअर. गुणा करून बघा, १६८ वॅट. आजकालच्या पीसीत कार्ड आणि प्रोसेसर जवळपास सगळं १२ व्होल्टवरच चालतं, आणि ते कार्ड एकटंच ११५ वॅट खातं. मग ४५० कुठे गेले?

खरं सांगायचं तर ४०० व्होल्ट आले तर चांगला एसएमपीएसही मरू शकतो. पण तो बहुतेक एकटा मरतो. मागे बसलेल्या बोर्ड-कार्डाला सहसा धक्का लागू देत नाही, त्यासाठीच तर आपण त्याला पैसे देतो.

म्हणून लेबल वाचायला शिका. १२ व्होल्टच्या खान्यात अँपिअर बघायचे, चांगल्या ५५० वॅटच्या युनिटला तिथे ४५ च्या आसपास असतात, म्हणजे ५४० वॅट. इनपुटला १००-२४० लिहिलं असेल तर त्यात बहुतेक ॲक्टिव्ह पीएफसी (कमी-जास्त लाईन सांभाळून घेणारं सर्किट) असतो आणि १७० व्होल्टवर तो आरामात चालतो, कमी व्होल्टेजसाठी वेगळा स्टॅबिलायझर घ्यायची गरज नाही. मागे लाल ११५/२३० चा खटका असेल तर तो घेऊच नका. ओव्हर व्होल्टेज, ओव्हर करंट, शॉर्ट सर्किट, ओव्हर टेम्परेचर, ही प्रोटेक्शनं कंपनीने नाव घेऊन लिहिलेली असावी.

वॅटचं म्हणाल तर ४०६० सारख्या कार्डाला ५५० पुरे, कार्डाची कंपनीही तेवढंच सांगते. पुढे मोठं कार्ड टाकायचं असेल तर ७५० घ्या. त्याने बिल वाढत नाही, पीसीला जेवढं लागतं तेवढंच तो ओढतो.

मग एसएमपीएसवर ब्राँझ, गोल्ड लिहिलेलं असतं ते. ८० प्लसचा शिक्का फक्त एवढं सांगतो की भिंतीतून घेतलेली वीज किती वाया जाते. ११५ व्होल्टच्या टेस्टमध्ये अर्ध्या लोडवर ब्राँझमध्ये ८५ टक्के वीज कामाला यावी लागते, गोल्डमध्ये ९०, बाकीची वाया. प्रोटेक्शन चांगलं की वाईट हे त्यात कुठेच नाही. आणि ती टेस्ट होते २३ डिग्रीच्या खोलीत! आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४६ असतं आणि टिनाच्या खोलीत विचारूच नका. म्हणून फुल लोड किती डिग्रीवर देतो ते बघा, ४० का ५०, आणि कपॅसिटर १०५ डिग्रीवाले आहेत का ८५ वाले. १० डिग्री गरमी कमी झाली की कपॅसिटरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. एकाच कंपनीचे सगळे मॉडेल सारखे नसतात हेही लक्षात ठेवा, कोर्सेअर कंपनीच्या सीव्ही मॉडेलला ३ वर्षं वॉरंटी आणि आरएमएक्स मॉडेलला १०. कंपनीला स्वतःच्या मालावर किती भरोसा आहे ते वॉरंटीवरून कळतं, मी तरी ५ वर्षांच्या खाली जात नाही.

यूपीएस (लाईन गेल्यावर बॅटरीवर पीसी चालू ठेवणारा) घेताना वॅट वेगळे बघा, त्यावरचा व्हीएचा आकडा म्हणजे वॅट नव्हे, ६०० व्हीएचा बहुतेक ३६० वॅटचाच असतो. आणि शक्यतो साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या लाईनसारखी गोल लहर देणारा घ्या, चौकोनी वेव्हवर काही ॲक्टिव्ह पीएफसीवाले एसएमपीएस लाईन जाताच बंद पडतात.

आता अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण होते, टेस्टर पेटतो, मग पोरं म्हणतात एसएमपीएस खराब आहे. बहुतेक वेळा तो चांगला असतो! त्याच्या फिल्टरमधले दोन छोटे कपॅसिटर बॉडीला जोडलेले असतात, ती गळती जमिनीत जावी म्हणून, आणि जमिनीत जायला वायरच नसली तर बॉडीवर शंभरेक व्होल्ट दिसतात. वायरमनला बोलवून खड्डा करा, मीठ-कोळसा टाका, पाइप गाडा. आणि आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंग सुटल्यासारखं होतं, तेव्हा तुळशीला पाणी घालता तसं त्या पाइपातही बादलीभर ओतत जा. मीटर असेल तर न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर नको.

त्या काकांनी पुढच्या हंगामात पुन्हा कार्ड घेतलं. यावेळी माझ्याकडे यायच्या आधी त्यांनी स्वतः अंगणात खड्डा केला होता. मीटर लावून बघितलं, दीड व्होल्ट. एसएमपीएस गोल्ड ६५० चा लावला. डिसेंबरात पोराचा फोन आला की फॅन आवाज करून रायला, जाऊन बघते तर पीसीच्याच खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला आणि एसएमपीएसच्या खालच्या जाळीवर रुईचा पापुद्रा जमलेला, हाताने ओढला तर अख्खा निघाला, पापडासारखा. पीसी बंद करून, प्लग काढून, ब्रशने जाळी साफ केली आणि बापाला म्हटलं, "काकाजी, कापूस तिकडच्या खोलीत नाही जमणार का?" ते म्हणाले, "तिकडं पाणी गळते माय, पीसीच तिकडं नेला असता, पण मंग थोच भिजन." शेवटी पीसी समोरच्या खोलीत आला, टेबलावर, जमिनीपासून वर.