जपानी शाळेतला जेवणाचा तास

जपानच्या प्राथमिक शाळेत आरोग्याचे पाठ्यपुस्तक मुलांच्या हाती तिसरीत येते, आणि तिसरी-चौथी अशा दोन वर्षांत मिळून त्याचे साधारण 8 तास होतात. एवढ्यावरून हा देश या विषयाकडे दुर्लक्ष करतो असे कोणी म्हणेल. परंतु आमची मुलगी येथे पहिलीत जाऊ लागल्यापासून मी पाहते आहे की, हात धुणे, बेताने वाढून घेणे, दात घासणे, आपली जागा स्वच्छ ठेवणे या गोष्टींची सवय पुस्तक येण्याच्या कितीतरी आधी लागलेली असते, कारण त्यांना वेळापत्रकात रोजची जागा दिलेली असते.

त्यातला सर्वांत मोठा वाटा जेवणाच्या सुट्टीचा आहे, आणि तिला सुट्टी म्हणणे तसे चुकीचेच, कारण शिक्षकांच्या दृष्टीने तो शिकवण्याचाच वेळ असतो. वेगळे भोजनगृह बहुतेक शाळांत नसते. मुले वर्गातच जेवतात. त्या आठवड्यात ज्यांची पाळी असेल ती मुले पांढरा कोट, टोपी आणि मास्क घालून पातेली वर्गात आणतात व सर्वांना वाढतात. सहा-सात वर्षांचे मूल गरम सूप डावाने मोजून वाटीत ओतते, तेव्हा बघणाऱ्याच्याच पोटात गोळा येतो. शिक्षिका मात्र शेजारी शांत उभ्या असतात आणि नंतर तेच जेवण मुलांबरोबर बसून जेवतात. सर्वांची ताटे वाढून झाल्याशिवाय कोणी घास उचलत नाही. शुक्रवारी तो कोट धुण्यासाठी आणि इस्त्रीसाठी पाळीच्या मुलांच्या घरी येतो आणि सोमवारी पुढच्या मुलासाठी परत जातो, म्हणजे या शिक्षणात पालकांनाही गृहपाठ असतोच.

शालेय जेवणाची सुरुवात 1889 साली यामागाता प्रांतातील त्सुरुओका येथे गरीब मुलांसाठी झाली, असे येथे मानले जाते. 1954 मध्ये शालेय भोजनाचा कायदा झाला आणि 2005 मध्ये आहारशिक्षणाचा, म्हणजे शोकुइकूचा, मूलभूत कायदा झाला. त्याच वर्षापासून शाळांमध्ये पोषण-शिक्षक हे पद आले. हे शिक्षक जेवणाची आखणी करतात आणि वर्गात येऊन शिकवतातही. त्यांचे मुख्य साधन तीन रंगांचा तक्ता असते: रक्त आणि स्नायू घडवणारे पदार्थ लाल, काम करण्याची ताकद देणारे पिवळे आणि शरीराची घडी नीट ठेवणारे हिरवे. महिन्याच्या भोजनपत्रकात रोजचे पदार्थ याच रंगांत विभागून घरी येतात. त्यामुळे मूल जीवनसत्त्वांची नावे पाठ न करताही आज ताटात हिरवे कमी आहे, हे ओळखू शकते. दुसरीत मुले कुंडीत टोमॅटोसारख्या भाज्या लावतात. स्वतः पाणी घालून वाढवलेल्या भाजीला नाक मुरडणे फार थोड्यांना जमते.

दातांच्या बाबतीतही उपदेश थोडा आणि पुरावा अधिक, अशी पद्धत आहे. 4 ते 10 जून हा दात आणि मुखाच्या आरोग्याचा सप्ताह असतो आणि त्या सुमारास अनेक शाळांत मुलांच्या दातांना लाल रंगाचा द्रव लावतात. जेथे कीटण राहिले असेल तेथे रंग चिकटतो. मुले आरशात पाहून कागदावरच्या दातांच्या चित्रात तेवढीच जागा रंगवतात आणि मग तो रंग जाईपर्यंत घासतात. घासलेस का, या प्रश्नाला हो म्हणून निसटण्याची सोयच त्यात उरत नाही. हे काम बहुधा आरोग्य-शिक्षिकेकडे असते. त्या केवळ पट्टी बांधणाऱ्या परिचारिका नसून शिक्षकवर्गातल्याच असतात, आणि उंची-वजन मोजण्याच्या दिवशीही आधी काही मिनिटे झोपेविषयी किंवा बसण्याच्या ढबीविषयी बोलतात.

मात्र सगळेच कौतुकास्पद आहे, असे मला वाटत नाही. ताटातले संपवलेच पाहिजे हा आग्रह काही वर्गांत इतका ताणला गेला की, जेवणाच्या धास्तीने मुले शाळा नको म्हणू लागली, आणि त्यावर येथे जाहीर टीकाही झाली आहे. आता अनेक शिक्षक सुरुवातीलाच कमी वाढून घेण्याची मुभा देतात, आणि मला तेच योग्य वाटते. कारण जबरदस्तीने संपवलेल्या भाजीमुळे पोट भरले तरी तिची आवड लागत नाही.

शाकाहारी कुटुंबांची अडचण याहून निराळी आहे. वरकरणी निव्वळ भाज्यांचे वाटणारे सूपही बहुधा माशाच्या अर्कात शिजवलेले असते, आणि शेकडो मुलांच्या स्वयंपाकात एका मुलासाठी वेगळे पातेले चढवणे क्वचितच शक्य होते. अशा वेळी अनेक शाळा घरचा डबा आणू देतात, पण हे प्रवेशाच्या वेळीच लेखी विचारून घेणे बरे. आमची मुलगी डबा नेते. तरीही वाढण्याची पाळी आणि नंतरची साफसफाई तिला चुकलेली नाही, आणि भोजनपत्रकाचे रंग पाहून डब्यात काय हवे, याची फर्माईश ती आदल्या रात्रीच करून ठेवते.