धारचुला: पुलाआधीची माणसं

पुलावर कॅमेरा काढायचा नाही, हे गेटवरच्या जवानानं पहिल्याच दिवशी बजावलं. मी सीमेचेच फोटो काढायला आलेलो, त्यामुळे तोंड पडलं. दोन दिवसांनी वाटलं, बरंच झालं. पुलावर माणसं नुसती चालतात. थांबतात ती पुलाआधी.

अलीकडे उत्तराखंडातलं धारचुला, पलीकडे नेपाळचं दार्चुला. मधल्या नदीला इकडे काली म्हणतात, तिकडे महाकाली. १८१६च्या सुगौली तहानं तिची सीमा झाली, पण सोयरिकी चालूच राहिल्या. भारतीय-नेपाळी माणसांना व्हिसा लागत नाही. ओळखपत्र दाखवायचं, पिशवी उघडायची. ऑक्टोबरातसुद्धा पाण्याचा आवाज एवढा, की चहा दोनदा सांगावा लागे.

त्या चहाच्या टपरीवरच मी बसायचो. ३५ची लेन्स, म्हणजे जवळ गेल्याशिवाय गत्यंतर नाही. एक आजोबा पेन्शनचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी स्वेटरच्या आत, असे बसलेले. भारतीय सैन्यात नोकरी, घर पलीकडे. २०२०च्या लॉकडाउनमध्ये पूल बंद होता, तेव्हा पेन्शनसाठी तो मधूनच काही दिवस उघडत. ते सांगताना आजोबांचा हात आपसूक छातीशी गेला. मला चेहऱ्यापेक्षा तो हातच हवा होता.

आट्याच्या पोत्यावर बसलेल्या एका आमांना, म्हणजे आजींना, विचारलं, "फोटो काढू?"

"पहले ये उठवा दो," त्या म्हणाल्या.

उचललं. पोतं खांद्यावर, कॅमेरा बॅगेत, आणि झुलता पूल पायाखाली डुलतोय, असा मी नेपाळात पोहोचलो. तिकडे चहाचे पैसे भारतीय नोटेनंच दिले. एका रुपयाचे तिथे एक रुपया साठ पैसे होतात; चहावाल्याचा हिशोब माझ्याआधी झाला होता. मग फोन पाहिला आणि धाबं दणाणलं. गेट बंद व्हायची वेळ टळून गेलेली! बॅग छातीशी धरून पळत सुटलो.

"अभी टाइम है," जवान हसला. फोननं नेपाळी टॉवर पकडला होता. तिकडचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे.

ती पंधरा मिनिटं मी टपरीपाशी उभा राहून काढली. गेट लागलं, आणि तेवढ्यात औषधाची पिशवी घेतलेला एक पोरगा धापा टाकत आला. पलीकडच्या काठावर कुणीतरी त्याच्यासाठीच उभं होतं. हाका ऐकू जाईनात. पोरानं पिशवी उंच धरून दाखवली. पलीकडच्यानं दोन्ही तळवे जोडून गालाखाली घेतले, मान कलती केली: झोप, सकाळी ये.

उजेड संपला होता. शटर १/१५ सेकंदावर. पिशवी हललेली आलीय, पोरगा स्थिर.