आगशी ते कुठ्ठाळी

जुलै २०२३. सोमवारची सकाळ, पणजीहून मडगावला जाणारी बस, आणि जुवारीच्या नव्या पुलावर मधोमध वाहनांची रांग अडकलेली. पाऊस असा, की खालची नदी दिसतच नव्हती. एकाएकी छाती धडधडायला लागली, बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले. मी आता इथेच मरणार, एवढंच डोक्यात. शेजारच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली, ती मला धरताही येईना. जायचं होतं वेर्ण्याला, उतरले कुठ्ठाळीला, आणि रस्त्याच्या कडेला भिजत बसून राहिले.

ईसीजी नॉर्मल आला, रक्त नॉर्मल आलं. एका दवाखान्यात "गॅस असेल" म्हणून घरी पाठवलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग पुलाच्या आधीच आगशीला, मग घरातून निघताना चपला घालतानाच. ऑगस्ट संपेपर्यंत माझ्या सगळ्या रजा संपल्या होत्या.

मी मूळची नगरची. आमच्या ख्रिस्ती घरात संध्याकाळची उपासना झाल्याशिवाय ताटं मांडली जात नसत. त्यामुळे संकट आलं की गुडघे टेकायचे, हे अंगातच होतं. रोज रात्री एकच मागणं: प्रभू, हे काढून टाक. सकाळी ते उशाशीच असायचं. ओळखीच्या एका प्रार्थना गटात धीर करून बोलले. तिथले एक भाऊ म्हणाले, "ताई, विश्वास कमी पडतोय. विश्वास असला की भीती उरत नाही." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण भीती होतीच, तिच्यावर आता अपराधीपणाही आला. मी प्रार्थना करणं सोडलं. लाज वाटायची, देवासमोर कुठल्या तोंडाने जायचं.

आमच्या शेजारच्या आंटी कॅथलिक. त्यांच्या घरातून रोज संध्याकाळी तेर्साचे, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेचे, सूर येतात. माझं दार दोन दिवस बंद दिसलं म्हणून त्या पेज घेऊन आल्या, वर लोणच्याची फोड. काय झालं, का झालं, काही विचारलं नाही. मी पेज संपवेपर्यंत समोर बसल्या आणि उठताना म्हणाल्या, "जेव गो, आनी न्हिद." जेव आणि झोप.

त्या रात्री मी बायबलमधला १ राजे, १९वा अध्याय उघडला. संडे स्कूलमध्ये एलीया संदेष्ट्याची गोष्ट म्हटली की कर्मेल डोंगरावरचा अग्नी. त्याच्या पुढचं पान कुणी फारसं शिकवत नाही. तोच एलीया जिवाच्या भीतीने पळतो, रोतेमाच्या झुडपाखाली बसतो आणि आता पुरे, मला मरण दे म्हणतो. देव त्याला विश्वास कमी आहे असं म्हणत नाही. दूत येतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा खाऊ घालतो. होरेब डोंगरावरचं देवाचं बोलणं त्यानंतरचं. मी ते पान तीनदा वाचलं आणि कितीतरी दिवसांनी रडले. मग गेथशेमाने बाग आठवली, वधस्तंभाच्या आदल्या रात्रीची. तिथे तर प्रभूने स्वतःच, हा प्याला दूर कर, असं मागितलं होतं. घाबरलेल्या माणसाला देवाजवळ जागा नसती, तर ती रात्र शुभवर्तमानात आलीच नसती.

दुसऱ्या दिवशी मनोविकारतज्ज्ञांची वेळ घेतली. डॉक्टरबाईंनी मला नीट समजावलं: हा पॅनिक अटॅक. साधारण दहा मिनिटांत तो शिखराला पोचतो आणि मग ओसरतो, जीव घेत नाही. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, आणि बरं वाटलं म्हणून त्या मनाने बंद करायच्या नाहीत. आपल्यातल्या काहींना अजूनही वाटतं की गोळी घेणं म्हणजे देवावर भरवसा नसणं. मला तसं वाटत नाही. जेवणाआधी आभार मानतो, तसे मी गोळी घेताना मानते.

प्रार्थना परत आली ती वेगळ्या वाटेने. एका रविवारी राशोलला गेले. सासष्टीतल्या त्या जुन्या सेमिनरीजवळ उभी असताना मनात सारखं येत होतं, की इंग्लंडहून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण इथेच, १६१६ साली छापलं गेलं. ख्रिस्ताची कथा, मराठी ओवीत! परक्या मुलखातून आलेल्या माणसाला कळलं होतं, की इथल्या लोकांच्या काळजापर्यंत जायचं तर ओवीतूनच. आणि मी? माझी प्रार्थना कशी, तर "हे परमपवित्र परमेश्वरा" पासून सुरू होणारी, सभेत उभं राहून करावी तशी. घाबरल्यावर त्यातला एक शब्द आठवत नसे.

माझी आजी जात्यावर देवाशी बोलायची. ओवीची ओळ लांबवत न्यायची, श्वास संपेपर्यंत. मी तसं बोलायला लागले. "बापा, पोटात गोळा आलाय. हात गार पडलेत. तू हाय ना इथं?" ओळ सावकाश सोडायची, मग श्वास आपोआप येतो. डॉक्टरबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, मीही तुम्हाला हेच शिकवणार होते, श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्या.

सराव पुलावर नाही, फेरीबोटीत सुरू केला. रायबंदरहून चोडणला, लगेच परत. पहिल्या दिवशी आंटी सोबत आल्या, जपमाळ हातात. बोट धक्क्यावरून सुटताना लोखंडी फळी खडखडत वर आली आणि माझ्या पोटात तेच सुरू झालं. काढून टाक असं या वेळी म्हटलं नाही. भीती आलीय बापा, एवढंच सांगितलं. पलीकडची खारफुटी हळूहळू जवळ आली. चोडणला उतरले तेव्हा पाय थरथरत होते, पण उतरले. मग आठवडाभर रोज. मग एकटी. नोव्हेंबरात पुन्हा बस. तेव्हाही दोनदा आगशीला उतरून परत फिरले. तिसऱ्यांदा पलीकडे गेले.

गोळीचा डोस डॉक्टरांनी पुढे हळूहळू कमी केला. भीती अजून येते, बहुतेक पावसात. गेल्या आठवड्यात बस पुन्हा पुलावर थांबली, अगदी मधोमध. हात गार पडले. आगशीला सुरू केलेली ओळ मी तशीच लांबवत राहिले, आणि खिडकीच्या काचेवरून ओघळणारं पाणी बघत बसले. बस हलली. वेर्ण्याला उतरून आंटींना फोन केला. त्या म्हणाल्या, "जेवलें मगो?"