कम्युनिटी कॉलेजात एसएलओ तपासताना: माझा अनुभव

कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात मी स्टॅटिस्टिक्स शिकवते. राज्यात अशी 116 कॉलेजं आहेत. प्रवेश खुला, फी कमी. दोन वर्षं शिकून पुढे युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घ्यायची किंवा सर्टिफिकेट घेऊन नोकरीला लागायचं. माझ्या वर्गात नुकतीच हायस्कूल संपवलेली मुलं असतात, गोदामातली रात्रपाळी करून थेट येणारे असतात, मुलांना शाळेत सोडून येणाऱ्या आयाही असतात. ही मंडळी आमच्याकडून नेमकं काय शिकून जातात ते तपासण्याचं काम विभागाने माझ्याकडे दिलं. त्याबद्दल लिहिते आहे.

इथे त्याला एसएलओ असेसमेंट म्हणतात. एसएलओ म्हणजे स्टुडंट लर्निंग आऊटकम: कोर्स संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे, हे सांगणारं वाक्य. आमच्या कॉलेजांना मान्यता देणाऱ्या एसीसीजेसीने 2002च्या मानकांत हे आणलं, आणि 2014च्या मानकांत विद्यार्थ्यांच्या वेगवेगळ्या गटांनुसार निकाल वेगळे करून बघा, अशीही भर घातली. महाराष्ट्रात एनबीए किंवा नॅक ह्या मान्यता देणाऱ्या संस्थांच्या निमित्ताने सीओ-पीओ अटेनमेंटच्या (कोर्सचे आणि प्रोग्रामचे आऊटकम कितपत साधले त्याच्या) एक्सेल शीट भरणाऱ्या प्राध्यापकांना हे ओळखीचं वाटेल. फॉर्म वेगळे, घोर तोच.

पहिल्याच बैठकीत प्रश्न आला: पोरांना ग्रेड देतोच की आपण, मग हे वेगळं कशाला? रास्त प्रश्न आहे. पण ग्रेडमध्ये गृहपाठ येतो, क्विझ येतात, प्रोजेक्ट येतं, सेमिस्टरभराचे सगळे विषय एकत्र येतात. 'बी' मिळालेल्या विद्यार्थ्याला हायपॉथेसिस टेस्टचा, म्हणजे सॅम्पलच्या आकड्यांवरून एखादा दावा तपासण्याच्या पद्धतीचा, निष्कर्ष काढता येतो की नाही, ते त्या एका अक्षरावरून कळत नाही. म्हणून आम्ही एकच आऊटकम घेतला: टेस्ट करून तिचा निष्कर्ष संदर्भासह शब्दांत मांडणे. आणि सगळ्या वर्गांच्या फायनलमध्ये एकच प्रश्न टाकायचा ठरवला.

प्रश्न साधा होता. शहराच्या बसला सरासरी दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर होतो, अशी प्रवाशांची तक्रार आहे. सॅम्पल दिलंय, टेस्ट करा, आणि तुमचा निष्कर्ष प्रवाशांच्या सभेत सांगता येईल अशा वाक्यात लिहा. आकडे आम्ही मुद्दाम असे निवडले की पी-व्हॅल्यू (सरासरी उशीर दहाच मिनिटं असताना निव्वळ योगायोगाने असे किंवा याहून जास्त उशिराचे आकडे येण्याची शक्यता) 0.18 यावी, म्हणजे 0.05च्या पातळीवर नल हायपॉथेसिस, म्हणजे 'उशीर दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही' हे गृहीतक, नाकारता येत नाही.

नावं काढलेल्या उत्तरांचे गठ्ठे घेऊन आम्ही एका शुक्रवारी बसलो. शिक्षकांचीही नावं काढली होती, कारण हे निकाल कुणाच्या मूल्यमापनासाठी वापरायचे नाहीत हे आधीच पक्कं केलं होतं. ते केलं नसतं तर कुणी मोकळेपणाने बोललंच नसतं. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना ह्या दिवसाचे पैसे मिळावेत म्हणून मी डीनकडे हटून बसले होते, आणि ते मिळाले. आमच्याकडे कितीतरी वर्ग तेच घेतात. त्यांच्याशिवाय केलेली तपासणी अर्धवटच.

आधी तीच काही उत्तरं प्रत्येकाने स्वतंत्रपणे तपासली. इथे खरी गंमत आली. एका उत्तरात फक्त 'नल नाकारता येत नाही' एवढंच होतं, बसचा उल्लेखच नाही. एकाने पूर्ण गुण दिले, एकीने शून्य. बराच वेळ वाद झाला. शेवटी आऊटकमचं वाक्य मोठ्याने वाचलं: 'संदर्भासह'. बस नसेल तर वरची पायरी नाही, असं ठरलं आणि रुब्रिक, म्हणजे गुण देण्याच्या पायऱ्यांचा तक्ता, तिथल्या तिथे दुरुस्त झाली. वर्षानुवर्षं शेजारच्या खोल्यांत तोच विषय शिकवणाऱ्या माणसांनी 'बरोबर उत्तर' म्हणजे काय, ह्यावर पहिल्यांदाच एकमेकांशी बोलणं, ही मला ह्या सगळ्या प्रक्रियेतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

निकाल काय आला? बहुतेकांची आकडेमोड बरोबर होती, निर्णयही बरोबर होता. घसरले ते शेवटच्या वाक्यावर. 'म्हणून बसला दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर होत नाही', असं पुन्हा पुन्हा लिहिलेलं सापडलं. पुरावा अपुरा असणं आणि दावा खोटा ठरणं ह्यांतला फरकच निसटला होता. औषधांच्या चाचण्या आणि निवडणुकीचे सर्व्हे ज्यांना पुढे आयुष्यभर वाचायचे आहेत, त्यांच्यासाठी हाच फरक कोर्सचा गाभा आहे.

गटवार निकाल बघताना मी जरा धास्तावले होते. 2017च्या एबी 705 कायद्यानंतर कुणी कुठल्या वर्गात बसायचं ते ठरवणाऱ्या प्लेसमेंट टेस्ट गेल्या. पूर्वी ज्यांना आधी बीजगणिताचे रेमेडियल (पाया पक्का करून घेणारे) वर्ग करावे लागत, ते आता थेट स्टॅटिस्टिक्सला बसतात, जोडीला सपोर्ट क्लास घेतात. ही मुलं मागे पडतील असं बऱ्याच जणांना वाटत होतं. आकडेमोडीत त्यांच्या चुका जास्त होत्या खऱ्या, पण शेवटचं वाक्य त्यांनी बाकीच्यांइतकंच चांगलं लिहिलं होतं. सपोर्ट क्लासमध्ये गटात बसून प्रत्येक उत्तर बोलून समजावून सांगायची सवय आहे, तिचा हा परिणाम असावा असं मला वाटतं. एका सेमिस्टरच्या आणि छोट्या गटांच्या आकड्यांवरून त्याहून मोठा दावा मी करणार नाही.

मग सुधारणा काय करायची? नवं सॉफ्टवेअर, नवं पुस्तक अशा सूचना आल्या. आम्ही एकच बदल केला. प्रत्येक टेस्टनंतर विद्यार्थ्याने शेजाऱ्याला निष्कर्ष तोंडी सांगायचा, शेजाऱ्याने विचारायचं, 'म्हणजे तक्रार खोटी आहे का?', आणि त्याचं उत्तर देऊन झाल्यावरच वाक्य कागदावर उतरवायचं. पुढच्या सेमिस्टरला तशाच घडणीचा, पण बसऐवजी पाण्यातल्या शिशाचा प्रश्न टाकला. 'दावा खोटा' म्हणणारी उत्तरं लक्षणीय कमी झाली. रिपोर्टमध्ये टक्केवारी भरलीच, पण सोबत नावं काढलेली चार उत्तरंही जोडली, दोन आधीची, दोन नंतरची. पाहणीला येणाऱ्यांनी ती वाचावीत अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आता राज्यभर कॉमन कोर्स नंबरिंग सुरू झालंय, आणि आमचा कोर्स सगळीकडे एकाच नावाने, 'स्टॅट सी1000' म्हणून शिकवला जातो. पुढच्या फेरीसाठी शेजारच्या कॉलेजातल्या सहकाऱ्यांना आमचा बसचा प्रश्न आणि रुब्रिक पाठवली आहे. त्यांच्या मुलांची उत्तरं आणि आमच्या मुलांची उत्तरं एकाच टेबलावर ठेवून तपासायची आहेत.