भाच्याचे कागद: गुहागर ते शारजा

माझा भाऊ आणि वहिनी शारजात नोकरी करतात. भाचा चार वर्षांचा असताना दोघंही तिकडे गेले आणि तो इथे गुहागरात आमच्या आईजवळ वाढला. यंदा तो सात वर्षांचा झाला. आईला आता त्याच्यामागे धावणं होत नाही. "लेकराला त्याच्या आईबापाकडे पोचवा," असं शेवटी तिनंच सांगितलं. इथली कागदांची जबाबदारी आत्या म्हणून माझ्याकडे आली. तीन महिने गेले, त्यातला निम्मा काळ चुका निस्तरण्यात. आपल्याकडच्या घरोघरी कुणी ना कुणी आखातात आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

मुलाच्या व्हिसाचा अर्ज आपण इथून करायचा नसतो. तिथे राहणारा बाप किंवा आई प्रायोजक होऊन तिकडेच करते. भावाला पगाराचा दाखला, नोकरीचा करार आणि घराचा भाडेकरार लावावा लागला. किमान पगार 4,000 दिरहॅम, किंवा 3,000 आणि राहायची सोय, अशी अट आहे. वैद्यकीय तपासणी 18 वर्षांखालच्या मुलांना नाही. हे सगळं त्याने तिकडे पाहिलं. पण या अर्जाचा कणा म्हणजे मुलाचा जन्मदाखला, आणि तो आपल्या मातीतला कागद. माझी दमछाक तिथेच झाली.

पहिली चूक: मी थेट आमच्या ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवकांनी रजिस्टर काढलं, 2018 सालच्या पानांवरून बोट फिरवत खालपर्यंत आले आणि म्हणाले, "ताई, पोर जन्मलं कुठे?" चिपळूणच्या दवाखान्यात. मग नोंद इथे सापडेल कशी? जन्म जिथे झाला तिथल्या नोंदणी कार्यालयात ती असते, घर कुठेही असो. म्हणजे आमच्यासाठी चिपळूण नगर परिषद. गुहागरहून एसटीने जाऊन-येऊन अख्खा दिवस गेला.

दाखला खरं तर घरात होता, वहिनीच्या माहेरी, चिपळुणातच. 22 जुलै 2021 च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी त्यांच्या घरात शिरलं तेव्हा कपाटातले कागद भिजले. वहिनीच्या आईने एकेक कागद पंख्याखाली वाळवला आणि हा दाखला जपून राहावा म्हणून लॅमिनेट करून घेतला. कडेला चिखलाची तपकिरी रेघ, मधे हवेचा एक फुगा, पण नाव-तारीख स्पष्ट. परदेशात वापरायचा तर दाखल्याचं साक्षांकन लागतं, म्हणजे तो खरा असल्याचे सरकारी शिक्के. त्यासाठी मी तोच घेऊन कोकणकन्येने मुंबईला गेले. खिडकीवरच्या बाईंनी तो हातात घेतला, उलटा केला आणि शांतपणे परत दिला. साक्षांकनाचे शिक्के मूळ कागदावर, बहुतेक मागच्या बाजूला पडतात. प्लास्टिकवर शिक्का कसा मारणार? त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. पण त्या माउलीने ज्या मायेने तो दाखला वाचवला होता ते आठवून मला परतीच्या गाडीत रडू आलं. कृपा करून कुठलाही मूळ दाखला लॅमिनेट करू नका. साध्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा.

मग नगर परिषदेकडून क्यूआर कोड असलेला नवा संगणकीय दाखला मागितला. त्याच वेळी तीन प्रती घेतल्या, तुम्हीही घ्या. कार्यालयातून बाहेर पडण्याआधी तिथेच उभं राहून पासपोर्टाच्या झेरॉक्सशी अक्षर न् अक्षर जुळवा. आमच्या दाखल्यात भावाच्या नावात इंग्रजी 'आय' होता, पासपोर्टात 'डबल ई'. दुरुस्तीसाठी अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि पासपोर्टाची प्रत दिली, त्यात अकरा दिवस गेले. आईचं नाव माहेरचं आहे की सासरचं, तेही पाहा. काहींच्या दाखल्यात मुलाच्या नावाची जागा कोरीच असते, कारण नोंद बारशाआधी झालेली. ते नाव जन्माची नोंद झाल्यापासून एका वर्षात विनाशुल्क आणि पुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं.

साक्षांकनाचा क्रम असा: आधी राज्य शासन, मग केंद्राचं परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीचा दूतावास, आणि कागद तिथे पोचला की तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. एकही पायरी गाळता येत नाही. तुमचं माणूस ओमान, बहारीन किंवा सौदीत असेल तर अपोस्टिलवर, म्हणजे करारातले देश एकमेकांचा मानतात त्या परराष्ट्र मंत्रालयाच्या शिक्क्यावर, काम होतं, दूतावासापर्यंत जावं लागत नाही. अमिरातीला अपोस्टिल चालत नाही. एजंटाला हे आधी नीट सांगा, नाहीतर भलताच शिक्का मारून आणतील.

केंद्राच्या टप्प्याला कागद मान्यताप्राप्त एजन्सीमार्फतच द्यावे लागतात, म्हणून थोडा खर्च अटळ आहे. तरी तीन ठिकाणी दर विचारा. मला एकाने दुसऱ्याच्या जवळजवळ तिप्पट सांगितले होते. सरकारी शुल्क किती आणि त्यांची मजुरी किती, हे वेगळं लिहून घ्या. कागद हातातून सोडण्याआधी दोन्ही बाजूंचे रंगीत स्कॅन काढा. आईबाप परदेशी असतील तर त्यांचं सहीचं अधिकारपत्र आणि पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती आधीच मागवून ठेवा.

गावाकडून येणाऱ्यांनी रात्रीची गाडी धरावी. पहाटे सीएसएमटीला उतरलात की आंघोळ-चहा आटपून कार्यालयं उघडायच्या वेळेला पोचता. पावसाळी वेळापत्रकात गाड्या सावकाश धावतात, तेवढा वेळ हाताशी ठेवा. गणपतीच्या आसपास मात्र हे काम काढूच नका, आरक्षण मिळत नाही. दुसऱ्या फेरीला भाचाही बरोबर होता, घरी राहायलाच तयार नव्हता. मी रांगेत, आणि तो बाकावर फाईल उशाला घेऊन झोपलेला. त्याची तिथे काही गरज नसते. पोराला घरीच ठेवा.

आणखी दोन गोष्टी. लहान मुलाचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. आमच्याकडे जेमतेम सात महिने उरले होते, आणि प्रवासाला सहा तरी लागतात. तो आधी पाहा. आणि प्रवेश परवाना हातात पडेपर्यंत तिकीट काढू नका. तो निघाला की 60 दिवसांत तिथे पोचायचं असतं. आम्ही हिशेब असा लावला की भाऊ गणपतीला घरी येईल आणि गौरी-विसर्जनानंतर लेकाला घेऊनच परतेल. मूल एकाच पालकाबरोबर जात असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र जवळ ठेवा. वहिनीने ते तिकडून करून पाठवलं होतं.

निघताना आईने त्याच्या बॅगेत कुळथाचं पीठ आणि आमसुलं भरली. ती काढून मी त्याच बॅगेत लसीकरणाचं कार्ड आणि शाळा सोडल्याचा दाखला सरळ ठेवला आणि आमसुलं परत वरती घातली. कार्ड विसरू नका. तिथल्या शाळेने पहिल्याच दिवशी मागितलं.